निघोजचे रांजणखळगे कसे झाले?



या महिन्याच्या भित्तिपत्रकात ‘परिसर अभ्यास’ या सदरात लेख लिहायला गुरुजींनी मला सांगितले. त्याचे कारण आमच्या इयत्ता चौथीला ठाऊक आहे. पालकांना ठाऊक नाही म्हणून आधी ते सांगतो.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर गुरुजी जिल्ह्याचा नकाशा शिकवीत होते. आपला जिल्हा अहिल्यानगर. २०२४ सालापर्यंत त्याचे नाव अहमदनगर होते. आपल्या पारनेर तालुक्याच्या कडेने कुकडी नदी जाते. गुरुजी म्हणाले, “निघोज गावाजवळ या नदीच्या खडकात रांजणासारखे खोल खळगे आहेत. ते कसे झाले असतील, कोण सांगेल?” मी लगेच हात वर केला आणि म्हणालो की माणसांनी टाकी-हातोड्याने कोरलेत. माझे आजोबा दगडाचे काम करायचे, म्हणून मला माहीत आहे. तेव्हा मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “एवढे खळगे कोरून माणसं त्यात आमटी करणार होती काय?” सगळा वर्ग हसला. मला राग आला आणि मी दहा गोट्यांची पैज मारली. गुरुजींनी कोणालाच चूक म्हटले नाही. “बघून ये, मोजून ये, मग लिही,” एवढेच म्हणाले.

घरी मी आठ दिवस भुणभुण लावली. शेवटी मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही सहा जण निघालो. आई, आण्णा, आजी, तात्या, छकुली आणि मी. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो आणि आजोबांना तात्या. छकुली म्हणजे माझी धाकटी बहीण, ती अंगणवाडीत जाते. आईने बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे फडक्यात बांधून घेतले. आजीने देवीसाठी नारळ घेतला. मी वही, पेन्सिल, पट्टी आणि सुतळी घेतली. सुतळीला मी दर वितीवर एक गाठ मारली होती. अशा २० गाठी मारल्या. माझी वीत पट्टीवर १६ सेंटिमीटर भरते, म्हणजे सगळी सुतळी ३ मीटर २० सेंटिमीटर झाली. सुतळीच्या टोकाला एक दगड बांधला. गवंडी ओळंबा सोडतो तसा तो सोडायचा होता.

फाट्यावर एस.टी. मिळाली. निघोज गावापासून कुंड सुमारे तीन किलोमीटर आहे. निघोजचे लोक त्या जागेला कुंडच म्हणतात. आम्ही चालत गेलो. वाट सपाट आहे, चढ नाही, आजीसुद्धा दोनदाच बसली. दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे आणि मधूनमधून ऊस. मला वाटत होते की लांबूनच नदी दिसेल. पण नदी दिसतच नाही. सगळे रान सारखे दिसते आणि मग एकदम जमीन उघडते. खाली बघावे तर काळाकरडा खडक, त्यात भोकेच भोके आणि मधल्या अरुंद घळीत हिरवे पाणी. छकुली म्हणाली, “दादा, आंबोळीवानी दिसतंय.” ते बरोबर होते.

काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे. चैत्रात तिची मोठी यात्रा भरते. नदीच्या पलीकडेही मळगंगेचे देऊळ आहे. अलीकडे आपला जिल्हा आणि पलीकडे पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका. पलीकडे जायला झुलता पूल आहे. तो पाय टाकला की हलतो. आजी म्हणाली, “मी अलीकडचीच देवी करते.” ती देवळातच बसली.

खाली उतरण्याआधी तात्यांनी नारळाच्या दुकानात विचारले, “वरनं पाणी सोडलंय का?” दुकानदार म्हणाला, “न्हाई बाबा, आठ दिस झालं बंद हाय.” हे का विचारायचे ते मला आण्णांनी सांगितले. कुकडीवर वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. तिथून पाणी सोडले की इथे पाऊस नसतानाही नदी वाढते. म्हणून आभाळ मोकळे दिसले तरी विचारूनच उतरावे.

मग तात्यांनी मला आणि छकुलीला उभे करून नियम सांगितले. “करड्या कोरड्या खडकावरनं चालायचं. काळा ओला दिसला की तिथं थांबायचं, त्याच्या म्होरं जायचं न्हाई. खळग्यात वाकून बघायचं न्हाई, पालथं पडून बघायचं. आन् हिचा हात सोडायचा न्हाई.” मी हो म्हणालो. पुढे मी तो शब्द मोडला, ते खाली येईलच.

आता खळग्यांचे वर्णन करतो. काही खळगे इतके लहान आहेत की त्यात फक्त ओंजळभर पाणी मावेल. काही पातेल्याएवढे, काही आडाएवढे. पुष्कळांचे तोंड लहान आणि पोट मोठे आहे. आपल्या घरी पूर्वी पाण्याला मातीचा रांजण असे ना, अगदी तसेच. म्हणून रांजणखळगे. काही ठिकाणी दोन रांजण पोटापोटाला लागून आहेत आणि मधली भिंत झिजून भोक पडले आहे. मी एका रांजणात खडा टाकला तर तो शेजारच्या रांजणातल्या पाण्यात वाजला. काही ठिकाणी मधली भिंत पार गेली आहे आणि नुसती कमान उरली आहे.

तात्या एका कोरड्या रांजणाशी पालथे पडले आणि आत हात घालून भिंत चाचपू लागले. तात्यांची नजर आता अधू झाली आहे, पण त्यांची बोटे सगळे ओळखतात. आयुष्यभर त्यांनी गावोगाव जाऊन पाटे आणि जाती टाकवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हणालो, “तात्या, टाकीची खूण लागली का?” ते म्हणाले, “टाकीची खूण कशी असती? बारीक बारीक खड्डं पडत्यात, बोटाला टोचत्यात. हितं एकबी न्हाई. हितं हात फिरतोय तो गोल फिरतोय, लोण्यावानी.” त्यांनी माझा हात धरून भिंतीवरून फिरवला. खरेच, आत आडव्या गोल पन्हाळी होत्या आणि त्या गुळगुळीत होत्या.

मला माझ्या दहा गोट्या गेल्यासारख्या वाटल्या. मी म्हणालो, “मग पाण्यानं झालं असंल.” तर तात्या म्हणाले, “नुसत्या पाण्यानं दगूड कापतो व्हय? तुझी आजी चाळीस वरीस हांडा घासती, पाण्यानंच घासती का?” मी म्हणालो, राखेने घासते. “मग हितली राख कुठं हाय ती हुडीक.”

तात्या आणि आण्णा पुढे गेले. आई भाकरीची जागा झाडत होती. मी छकुलीला घेऊन मोजायला लागलो. पहिल्या खळग्याचे तोंड ३ वीत, खोली ५ वीत, म्हणजे ८० सेंटिमीटर. दुसऱ्याचे तोंड ४ वीत आणि खोली ९ वीत, म्हणजे १ मीटर ४४ सेंटिमीटर. तिसरा रांजण मोठा होता, पण तो पाण्याच्या जवळ, काळ्या ओल्या खडकाच्या पलीकडे होता. तो दिसल्यावर मला राहवले नाही. मी छकुलीचा हात सोडला, “हितंच थांब,” असे तिला म्हणालो आणि ओल्या खडकावरून पुढे गेलो. पालथा पडून सुतळी सोडली. २० च्या २० गाठी गेल्या तरी दगड तळाला टेकला नाही. तेवढ्यात शेवाळावरून माझे कोपर घसरले. मी खडकाला धरले, पण सुतळी हातातून सुटून आत गेली. माझ्या छातीत धडधड व्हायला लागली. मी तसाच रांगत मागे आलो.

मागे बघतो तर छकुली नाही.

मी हाका मारल्या. उत्तर आले, पण ते जमिनीतून आल्यासारखे. ती माझ्यामागे यायला निघाली होती आणि एका खळग्यात पडली होती. खळगा खोल नव्हता. नंतर आण्णांनी मोजला, ६ वीत. छकुली साडेसहा वीत उंच आहे. तिचे नुसते केस आणि कपाळ वर दिसत होते. खाली घोट्याएवढे पाणी होते. तिचे कोपर खरचटले होते. मला वाटले, हात देऊन ओढू. पण तिला पाय रोवायला भिंतीत जागाच नव्हती. पाय टेकवला की घसरत होता. मी दोन्ही हातांनी ओढले तर मीच आत जायला लागलो. एवढ्याशा खड्ड्यातून एवढीशी पोरगी मला निघेना. मग मी ओरडलो. मी इतक्या मोठ्याने कधीच ओरडलो नव्हतो. आण्णा पळत आले आणि त्यांनी तिला बखोटीला धरून वर काढले.

आईने मला एक चापट मारली आणि मग दोघांनाही जवळ घेतले. तात्या रागावले नाहीत, पण पाणी प्यायले आणि म्हणाले, “रांजणात पडल्याला उंदीर बघितलाय न्हवं? रांजण फुटका नसतो, पाणीबी जास्त न्हाई. पर त्याला वर येता येत न्हाई. का? कड आतल्या अंगाला वळल्याली असती आन् भिंत गुळगुळीत.” मोठा खळगा असता आणि पाणी भरलेले असते तर काय झाले असते, ते कोणी बोलले नाही. पोहता येणाऱ्या माणसालाही अशा जागेतून वर येणे अवघड असते. हे सगळे मी आईला विचारून लिहिले आहे. ती म्हणाली, लिही, पुढच्या वेळी कोणी पोरांना घेऊन जाईल.

छकुली रडायची थांबल्यावर तिची डावी मूठ मिटलेली दिसली. आईला वाटले, लागले असेल. मूठ उघडली तर आत एक दगड! लिंबाएवढा, अगदी गोल, घोटलेला. “खाली लई हायेत,” ती म्हणाली. “गोट्याच गोट्या.”

आण्णांनी खळग्याच्या तळातली मूठभर वाळू आणि आणखी काही दगड काढून दाखवले. सगळे गोल. एकाही दगडाला कोपरा नव्हता. तात्या दगड हातात खेळवीत म्हणाले, “ही बघ नदीची राख.”

मग भाकरी खाताना तात्यांनी आणि आण्णांनी मिळून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते नीट करून दिले. ते असे आहे.

आपल्या भागातला हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्याचे थरावर थर बसले. साडेसहा कोटी अंकात ६,५०,००,००० असे लिहितात. मी पहिल्यांदा एक शून्य कमी दिले होते. बेसाल्ट कठीण असतो, पण सगळीकडे सारखा नसतो. कुठे भेग असते, कुठे लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्याचे छिद्र राहिलेले असते. अशा ठिकाणी नदी आपले काम सुरू करते.

कुकडी नदी जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ, पूर या गावी कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते. पुढे ती घोड नदीला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. घाटात पाऊस फार, म्हणून पावसाळ्यात नदीला मोठे पूर येत. निघोजजवळ पात्र एकदम अरुंद होते. रुंद नळीतले पाणी अरुंद नळीत आले की जोरात धावते. धावणारे पाणी खडकाला आपटते आणि गोल फिरते. त्याला भोवरा म्हणतात.

आता आपण खेळतो तो भोवरा आठवा. आपण जाळी गुंडाळून भोवरा फेकतो. तो एका जागी फिरत राहिला की त्याची आर जमिनीत खळगी पाडते. पाण्याच्या भोवऱ्याला आर नसते. नदीतून वाहत आलेले दगड आणि वाळू हीच त्याची आर. ते लहान खड्ड्यात अडकतात आणि तिथेच गरगर फिरतात. फिरताना खडक घासतात आणि स्वतःही घासले जातात. म्हणून खळगाही गोल आणि दगडही गोल. दगड झिजून वाळू झाला की ती वाहून जाते आणि पुढच्या पुरात नवे दगड येतात. खळगा जितका खोल, तितके दगड बाहेर पडणे अवघड, म्हणून तो आणखी खोल होतो. असे हजारो वर्षे चालले. शेजारचे खळगे वाढता वाढता एकमेकांना लागतात, भिंती पडतात आणि नदीची घळ खोल होत जाते. मी पाहिलेली कमान अशीच झाली असणार.

तात्यांनी ते जात्यावरून सांगितले. जात्याला टाकी लावली की त्याच्या अंगावर बारीक खड्डे पडतात, त्याने दाणा फुटतो. दळून दळून ते खड्डे झिजतात आणि जाते गुळगुळीत होते. मग पुन्हा टाकी लावावी लागते. “दाण्यानं दगूड झिजतो, तर दगडानं दगूड का झिजायचा न्हाई?” टाकी लावल्यावर पहिले दळण माणसाने खायचे नसते, कारण त्यात दगडाचे पीठ असते. आजी ते गुरांच्या आंबोणात घालायची. हे मला ठाऊक होते, पण त्याचा नदीशी संबंध आहे हे ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मी एक प्रयोग केला. विटेवर खिळ्याने लहानशी खळगी केली. त्यात चिमूटभर ओली वाळू आणि छकुलीच्या मुठीतला दगड ठेवून तो हाताने गोल फिरवला. शंभर फेऱ्यांनंतर काहीच कळले नाही, फक्त पाणी लाल झाले. रोज संध्याकाळी तीनशे फेऱ्या केल्या. कधी छकुलीने पण केल्या, पण ती तीसनंतर चुकते म्हणून तिच्या मी कमी धरल्या. तीन हजार फेऱ्या झाल्यावर खळगीत आगकाडी उभी केली तर काडीचा गुल पूर्ण बुडाला. कड गोल झाली आणि आत बोट फिरवले तर गुळगुळीत लागले. मग तोच प्रयोग फुटक्या पाट्याच्या तुकड्यावर केला, कारण पाटा काळ्या दगडाचा असतो. हजार फेऱ्या केल्या. तिथे खळगी पडली नाही. नुसती चकाकी आली. माझी बोटे मात्र सोलली. तेव्हा मला त्या २० गाठी आठवल्या, ज्या गेल्या तरी तळ लागला नव्हता.

आजीला मी सगळे समजावून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, “पोरगी वर आली न्हवं? चैत्रात देवीला आणखी एक नारळ वाढवू.”

दहा गोट्या मी देऊन टाकल्या आहेत. तात्यांचे नाव सांगून मी पैज मारली होती आणि तात्यांच्याच बोटांनी ती हरलो. पण ‘आमटी’ म्हणणाऱ्यालाही उत्तर माहीत नव्हते, म्हणून गुरुजींनी त्यातल्या पाच परत द्यायला लावल्या.

छकुलीचा दगड गुरुजी म्हणाले की पुढच्या वेळी गेल्यावर नदीत परत सोडायचा. तोपर्यंत तो, ती वीट आणि वाळूची करवंटी या भित्तिपत्रकाच्या खाली स्टुलावर ठेवली आहे. शेजारी तांब्यात पाणी आहे. काल संध्याकाळपर्यंत ३,४५० फेऱ्या झाल्या. जो कोणी फिरवील त्याने आपल्या फेऱ्या मोजून दोरीला बांधलेल्या वहीत लिहाव्यात. पालकांनीही लिहाव्यात. दगड खिशात घालू नये.